भूमीच्या पोटातील गारवा : ग्वाल पहाडीची निवासवास्तू

‘हठप्रदीपिका’ हा योगशास्त्रावरील पंधराव्या शतकाच्या सुमाराचा ग्रंथ. त्याचे कर्ते स्वात्माराम आसने व प्राणायाम सांगण्यापूर्वी साधकाच्या मठीचे वर्णन करतात. दार लहान असावे, भिंतींना झरोके नसावेत, जमीन शेणाने सारवलेली असावी, बाहेर मंडप व विहीर असावी, असा त्याचा आशय आहे. हेतू चित्ताच्या एकाग्रतेचा आहे, हे खरेच. परंतु लहान दार उन्हाची झळ बाहेर ठेवते, मंडप सावली देतो आणि विहीर पाण्याची चिंता मिटवते. साधनेची जागा कशी बांधावी, हा प्रश्न आपल्याकडे जुनाच आहे.

संयुक्त राष्ट्रांनी २०१४ साली २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन घोषित केला. शहराच्या गजबजाटापासून दूर, निसर्गाच्या कुशीत योगनिवास उभारण्याची कल्पना आज अनेकांना मोह घालते. मात्र खोलीखोलीत वातानुकूलन यंत्र आणि मागील अंगणात धडधडणारे डिझेल जनित्र असेल, तर त्या निसर्गसान्निध्याला कितीसा अर्थ उरतो? या प्रश्नाचे एक विचारपूर्वक दिलेले उत्तर दिल्लीपासून जवळच, गुरुग्रामच्या ग्वाल पहाडी परिसरात उभे राहिले.

उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात उबदार

१९७४ साली स्थापन झालेल्या टाटा एनर्जी रिसर्च इन्स्टिट्यूट, म्हणजेच ‘टेरी’ या संस्थेने २००० सालच्या सुमारास येथे ‘रिट्रीट’ नावाचे निवासी प्रशिक्षण केंद्र बांधले. तीस खोल्या, सभागृहे आणि भोजनकक्ष असा त्याचा पसारा. वास्तुविशारद होते संजय प्रकाश. हा योगाश्रम नव्हे. पण काही दिवस मुक्कामास येणाऱ्या मंडळींना शांतता, स्वच्छ हवा आणि सुसह्य तापमान देणे, ही गरज दोहोंची सारखीच.

दिल्लीचे हवामान मोठे कठोर. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांकडे झेपावतो, तर जानेवारीच्या रात्री चार-पाच अंशांवर उतरतो. परंतु जमिनीखाली सुमारे चार मीटरवर तापमान वर्षभर २६ अंशांच्या आसपास स्थिर राहते. या निसर्गनियमाचाच येथे उपयोग केला गेला. सुमारे सत्तर मीटर लांबीचे चार भुयारी नळ त्या खोलीवर पुरण्यात आले. पंख्यांनी आत ढकललेली बाहेरची हवा या नळांतून जाताना उन्हाळ्यात थंड, तर हिवाळ्यात उबदार होऊन खोल्यांत पोचते. छतावरील सौरधुरांडी तापली की आतील उष्ण हवा वर खेचून बाहेर सोडतात.

अर्थात यंत्रणेच्या आधी इमारतीची रचना येते. तिचा काही भाग जमिनीत दबलेला ठेवला. पूर्व-पश्चिम भिंतींवर खिडक्या टाळल्या. भिंतींना व छताला उष्णतारोधक थर दिला. दक्षिणेस पानझडी वृक्ष योजले. ते उन्हाळ्यात सावली देतात आणि हिवाळ्यात पर्णहीन होऊन ऊन आत येऊ देतात.

पावसाळ्यात मात्र दमट हवेपुढे भुयारे अपुरी पडणार, हे रचनाकारांनी आधीच ओळखले होते. त्या काळासाठी आर्द्रता कमी करणारी पूरक शीतकरण यंत्रणा त्यांनी जोडली.

वीज, पाणी आणि हिशेब

विजेसाठी काष्ठ व शेतीतील टाकाऊ काड्यांवर चालणारे ५० किलोवॉटचे वायूजनित्र आणि १०.७ किलोवॉट क्षमतेच्या सौरपट्ट्या बसविण्यात आल्या. रोजच्या दोन हजार लिटर गरम पाण्याची सोय सूर्याकडे सोपविली गेली. सांडपाणी बोरूच्या जातीच्या पाणवनस्पतींच्या मुळांतून गाळून बागेला देण्याची व्यवस्था केली गेली.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला येथे एक आकडा विशेष बोलका वाटतो. अशाच आकाराच्या नेहमीच्या इमारतीची कमाल वीजमागणी २८० किलोवॉट धरली, तर या वास्तूची अवघी ९६ किलोवॉट ठरली. म्हणजे मासिक देयकात बचत होतेच. शिवाय रोहित्र, जनित्र आणि तारा यांवरील भांडवली खर्चही आटोक्यात राहतो. भुयार व उष्णतारोधन यांवर सुरुवातीस अधिक रक्कम लागते, हे खरे. म्हणूनच प्रकल्प अहवालात केवळ बांधकामखर्च न पाहता वीस-पंचवीस वर्षांच्या वापराचा खर्चही मांडला पाहिजे.

आधी जमीन, मग नकाशा

निसर्गरम्य जमीन पुष्कळदा कायद्याने संरक्षित असते. फरीदाबादच्या अरवलीतील ‘कांत एन्क्लेव्ह’ वसाहतीत अनेकांनी आयुष्याची पुंजी ओतून घरे बांधली. परंतु ती जमीन वनक्षेत्र ठरल्याने सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये तेथील बांधकामे पाडण्याचा आदेश दिला. पंजाब भूसंरक्षण कायदा, १९०० याच्या कलम ४ खालील विशेष आदेशांनी बाधित हरियाणातील जमिनी वनच होत, असा निर्णय त्याच न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये दिला. भिंती कितीही पर्यावरणस्नेही असोत, पायाच वनभूमीवर असेल तर वास्तूही टिकत नाही आणि कर्जाचे तारणही.

महाराष्ट्रातही माथेरान, महाबळेश्वर-पाचगणी हे परिसर पर्यावरणसंवेदनशील म्हणून घोषित आहेत. म्हणून हरियाणात जमाबंदी, आपल्याकडे सातबारा व फेरफार, त्यासोबत वनविभागाची नोंद आणि अकृषिक परवानगी, हे सर्व विसार देण्यापूर्वीच तपासावे. बँकेचे विधी सल्लागार कागदपत्रांचा आग्रह धरतात, त्यात ग्राहकाचेच हित असते.

अनुकरण कशाचे?

ग्वाल पहाडीचे भुयार जसेच्या तसे कोकणात आणून चालणार नाही. तेथील दमट हवेला वारा खेळता हवा. जांभ्या दगडाच्या भिंती, उतरते कौलारू छप्पर आणि ऐसपैस पडवी हेच तेथील शहाणपण. देशावरील वाड्याचा चौक कोरड्या उन्हाळ्याला उत्तर देतो. घ्यायची ती पद्धत: प्रथम सूर्य, वारा, माती व पाणी यांचा अभ्यास, मग रचना आणि सर्वांत शेवटी यंत्र. मिताहार हा योगातील एक नियम. वास्तूलाही तो लागू केला, तर साधकाला स्वास्थ्य लाभेल आणि मालकाच्या ताळेबंदालाही.