पाण्याची रेषा

एखाद्या गावी जावयाचे असल्यास आपण नकाशात रस्ता शोधतो. परंतु तेथील जमीन किती उंच आहे, हे सांगणारा नकाशा आपल्या पाहण्यात क्वचितच येतो. अशा नकाशास स्थलनिर्देशक नकाशा म्हणतात. १७६७ साली स्थापन झालेला भारतीय सर्वेक्षण विभाग हे नकाशे तयार करतो.

मध्य प्रदेशात जबलपूरजवळ बरगी येथे नर्मदेवर धरण आहे. त्या परिसराचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा समोर धरा. हिरव्या रंगात वने, पिवळ्या रंगात शेती, निळ्या रंगात नदी व जलाशय दिसतात. आणि या सर्वांवरून वळणे घेत जाणाऱ्या बारीक तपकिरी रेषा. त्या समोच्च रेषा होत. समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीवर असलेली ठिकाणे जोडून त्या काढतात. रेषा दाट असतील तेथे उतार तीव्र, विरळ असतील तेथे मंद.

साठलेल्या पाण्याचा काठ हीसुद्धा एक समोच्च रेषाच असते. बरगी जलाशयाची पूर्ण संचय पातळी ४२२.७६ मीटर आहे. आता अडचण पाहा. या नकाशात सामान्यतः दर वीस मीटर उंचीला एक रेषा असते. ४२० ची रेषा मिळेल, त्यानंतर एकदम ४४० ची. बुडिताची सीमा त्या दोहोंमधील कोऱ्या जागेत असते. ती ठरविण्यासाठी प्रत्यक्ष जमिनीवर सूक्ष्म मोजणी करावी लागते. वनातील उभ्या टेकडीपाशी काठ फारसा हलत नाही. परंतु शंभर मीटरांत एकच मीटर चढणाऱ्या शेतजमिनीवर पाणी मीटरभर वाढले, तर काठ शंभर मीटर पुढे सरकतो. नकाशावर हे अंतर अवघे दोन मिलिमीटर भरते; गावात तेवढ्यात एक सबंध आळी मावते.

१९९० मध्ये जलाशय भरला. १०१ गावे बाधित होतील, असा अंदाज होता. प्रत्यक्षात १६२ गावे बाधित झाली. पुनर्वसनासाठी वसविलेल्या काही वस्त्यांतही पाणी शिरले. एवढी तफावत काही रेषेच्या जाडीमुळे पडत नाही. विस्थापितांत गोंड आदिवासी मोठ्या संख्येने होते.

नकाशातील निळा रंग एकाच पातळीचा काठ दाखवितो. पावसाळ्यानंतर पाणी हळूहळू ओसरते आणि गाळाची जमीन उघडी पडते. विस्थापितांपैकी काही कुटुंबे तिच्यात पीक घेतात. ही गाळपेराची शेते नकाशात निळ्या रंगाखालीच असतात.