नाडीवर तोललेली पाचवारी

नऊवारी लुगडे सकच्छ, म्हणजे कासोटा घालून नेसले जात असल्याने कमरेची गाठ आणि मागे खोचलेला काष्टा यांच्या बळावर ते अंगावर टिकते, आणि त्याच्या आत परकर घालण्याची गरज नसते. विसाव्या शतकात शहरी मराठी घरांमध्ये पाचवारी गोल साडी रुळली, तेव्हा कासोटा गेला आणि निऱ्या खोचण्यासाठी दुसरा आधार शोधावा लागला. तो परकराने दिला. साडीच्या कौतुकात मात्र त्याचा उल्लेख क्वचितच येतो.

त्याची शिवण वाटते तितकी साधी नाही. सरळ कापडाचा परकर कमरेला चुण्यांनी फुगतो किंवा पायांशी अडतो. म्हणून वर अरुंद व खाली रुंद अशा तुकड्यांचा, म्हणजे कळ्यांचा, परकर बेततात, ज्यामुळे कमर सपाट राहूनही पाऊल मोकळे पडते. वरच्या दुमडीला नेफा म्हणतात. त्यातून नाडी ओवलेली असते, आणि ती आत निसटली की सेफ्टी पिन लावून पुन्हा बाहेर काढण्याचा उद्योग घरोघरी परिचयाचा आहे. सुती पॉपलीन साडीला धरून ठेवते, तर सॅटिन झुळझुळीत दिसले तरी निऱ्या घसरू देते. रंग जुळवण्याच्या हौसेने तर ‘मॅचिंग सेंटर’ हा दुकानांचा स्वतंत्र प्रकारच उभा केला.

मुलींचा परकर मात्र वरूनच नेसायचा, आणि मिरवायचाही. जुन्या साडीच्या काठांतून शिवलेला घोळदार परकर व खणाचे पोलके हा पोशाख इतका वयाशी बांधला गेला की ‘परकरी पोर’ म्हटल्यावर कपड्याआधी वय डोळ्यांसमोर येते. साडी नेसू लागल्यावर तोच परकर आत जाई, आणि त्याची कड दिसणे हा गबाळेपणा ठरे.

या आत गेलेल्या वस्त्राचा भार नाडी वाहते, आणि ती कातडीवर त्याच जागी वर्षानुवर्षे काचते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ वसंत खानोलकर यांनी सूर्याबाई यांच्यासह 1945 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात धोतराच्या घट्ट गाठीखाली होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाची नोंद आहे. 2024 मध्ये वर्धा व बिहारमधील डॉक्टरांनी अशाच कमरेवरच्या जुन्या व्रणांतून उद्भवलेल्या कर्करोगाच्या दोन स्त्री-रुग्णांचा वृत्तांत दिला, तेव्हा वृत्तपत्रांनी ‘पेटीकोट कॅन्सर’ हे नाव उचलून धरले. वस्तुतः त्यांपैकी एक स्त्री परकराविना लुगडे घट्ट कसून नेसत असे, त्यामुळे या नावाने परकरावर अर्धा आरोप विनाकारणच आला. दोष काचण्याचा आहे. असा विकार क्वचित होत असला, तरी नाडी सैल बांधणे आणि कमरेवरचा काळा डाग वा न भरणारी जखम वेळीच दाखवणे हा उपाय सोपा आहे. अलीकडे ताणल्या जाणाऱ्या कापडाचे अंगासरशी परकर बाजारात आले असून ते नितंबांवर घट्ट बसत असल्याने साडी त्यांच्या रुंद पट्ट्यात खोचता येते. कळ्या बेतण्याचे काम मात्र त्यांनी शिंप्याच्या हातून काढून घेतले आहे.