छत्तीस टन आणि हवेचा दाब

लेखमाला : परवाना मोठ्या गाडीचा
लेखांक चौथा

अमेरिकेच्या महामार्गांवर धावणाऱ्या अठरा चाकी ट्रकचं मालासकट वजन ८०,००० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे छत्तीस टन असू शकतं. एवढं धूड थांबवायचं काम हवा करते. तिथल्या व्यावसायिक वाहन परवान्याच्या, म्हणजे सीडीएलच्या लेखी परीक्षेत या हवेवर एक स्वतंत्र पेपर असतो. परीक्षार्थी सगळ्यात जास्त घाबरतात ते या पेपरला, आणि सगळ्यात जास्त घोकंपट्टीही याचीच होते. म्हणून आजचा लेख फक्त एअर ब्रेकवर.

आधी मागची उजळणी. १९८६ पर्यंत अमेरिकेत प्रत्येक राज्याचे नियम निराळे होते. बऱ्याच राज्यांत मोटारीच्या परवान्यावर ट्रक चालवता येई. काही चालक दोन-तीन राज्यांचे परवाने खिशात बाळगत आणि एका परवान्यावर दंड साचले की दुसरा पुढे करत. १९८६ च्या केंद्रीय कायद्याने ‘एक चालक, एक परवाना’ हे तत्त्व आणलं आणि १ एप्रिल १९९२ पासून सीडीएल सक्तीचा झाला. परवाना राज्य देतं, पण किमान पातळी केंद्राने ठरवलेली असते. लेखी परीक्षेत ८० टक्के गुण हवेतच. बहुतेक राज्यांत ‘जनरल नॉलेज’चे ५० प्रश्न असतात, त्यांतले ४० बरोबर यावे लागतात. एअर ब्रेकचे सहसा २५, त्यांतले २० बरोबर हवेत. एअर ब्रेकचा पेपर नापास झालात तरी परवाना मिळू शकतो, पण त्यावर ‘एल’ हे अक्षर उमटतं. एअर ब्रेकची गाडी चालवायची नाही, असा त्याचा अर्थ. मोठे ट्रक जवळपास सगळे एअर ब्रेकचेच असल्यामुळे त्या परवान्यावर ट्रकची नोकरी मिळणं कठीण.

राज्य सरकारं परीक्षेचं पुस्तक फुकट देतात. त्याचा पाचवा विभाग एअर ब्रेकचा. तो उघडला की आकड्यांची झड लागते : १००, १२५, ६०, २० ते ४५, ४ पौंड, ४५ सेकंद. मग विद्यार्थी फोनवर प्रश्नसंच उघडतो आणि उत्तरं पाठ करत सुटतो. माझं म्हणणं असं की यातला प्रत्येक आकडा कुठल्या ना कुठल्या कारणावर उभा आहे. कारण कळलं की आकडा आपोआप लक्षात राहतो, आणि परीक्षकाने प्रश्न फिरवून विचारला तरी उत्तर चुकत नाही.

सुरुवात हवेच्या प्रवासापासून करू. इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर टाक्यांमध्ये हवा भरतो. टाकीतला दाब सुमारे १२५ पीएसआयला, म्हणजे चौरस इंचाला १२५ पौंडांवर, पोचला की गव्हर्नर नावाचा भाग भरणं थांबवतो आणि १०० च्या आसपास उतरला की पुन्हा सुरू करतो. चालकाने पेडल दाबलं की टाकीतली हवा चाकाजवळच्या ब्रेक चेंबरमध्ये शिरते आणि एक दांडा बाहेर ढकलते. दांडा स्लॅक ॲडजस्टर फिरवतो, त्याने इंग्रजी ‘एस’च्या आकाराचा कॅम फिरतो आणि ब्रेक शू आतून ड्रमवर दाबले जातात. पहिला पल्ला हवेचा, पुढचा लोखंडाचा.

हवेला नळीतून चाकापर्यंत पोचायला वेळ लागतो, अर्धा सेकंद किंवा थोडा अधिक. मोटारीतल्या तेलाच्या ब्रेकला हा उशीर जवळपास नसतो. ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर वेगाने जाणारा ट्रक तेवढ्या वेळात, पुस्तकाच्या हिशेबाने, ३२ फूट पुढे सरकतो. पुस्तकातला थांबण्याच्या अंतराचा हिशेब पाहा. धोका ओळखेपर्यंत १४२ फूट, पाय पेडलवर येईपर्यंत ६१ फूट, हवा पोचेपर्यंत ३२ फूट आणि प्रत्यक्ष ब्रेक लागल्यावर २१६ फूट. एकूण ४५० फुटांहून थोडं जास्त, म्हणजे सुमारे १३७ मीटर. मोठ्या क्रिकेट मैदानात एका सीमारेषेपासून समोरच्या सीमारेषेपर्यंत साधारण तेवढं अंतर असतं. हा रस्ता कोरडा असतानाचा, ब्रेक चांगले असतानाचा हिशेब आहे. ‘थांबण्याच्या अंतरात एअर ब्रेकमुळे कोणता घटक वाढतो?’ हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो. ज्याने हवेचा प्रवास डोळ्यांपुढे आणला, त्याला पर्याय वाचून गोंधळायचं कारण उरत नाही.

आता मनात येणारी पहिली शंका : हवाच संपली तर? याचं उत्तर या यंत्रणेतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट आहे. ट्रकच्या पार्किंग ब्रेकमध्ये जबरदस्त ताकदीची स्प्रिंग असते. हवेचा दाब तिला दाबून धरतो म्हणून गाडी हलते. दाब गेला की स्प्रिंग सुटते आणि ब्रेक लागतो. हवा गळाली तर गाडी मोकाट सुटण्याऐवजी जागच्या जागी जखडावी, अशी ही रचना. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८७२ मध्ये आगगाडीसाठी आपोआप लागणारा ब्रेक काढला, त्यामागे हाच विचार होता : नळी तुटली किंवा डबे सुटले की हवेचा दाब पडावा आणि त्या पडण्यानेच ब्रेक लागावेत.

स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतात ते दाब २० ते ४५ पीएसआयच्या टप्प्यात आल्यावर. धोक्याचा दिवा आणि भोंगा मात्र त्याच्या बऱ्याच आधी, ६० च्या आसपास सुरू होतो. या दोन आकड्यांमधलं अंतर चालकासाठी राखून ठेवलेलं आहे. भोंगा वाजल्यापासून स्प्रिंग सुटेपर्यंत गाडी अजून त्याच्या ताब्यात असते. म्हणून ‘चालत्या गाडीत इशारा वाजला तर काय कराल?’ याचं उत्तर, शक्य तितक्या लवकर सुरक्षित जागी गाडी उभी करावी. ‘पेडल पुन्हा पुन्हा दाबावं’ हा पर्याय मोहात पाडतो, कारण जुन्या तेलाच्या ब्रेकची ती सवय आहे. इथे मात्र प्रत्येक दाबाबरोबर टाकीतली उरलीसुरली हवा खर्च होते.

लेखी परीक्षेतलं हे ज्ञान नंतर प्रत्यक्ष परीक्षेत हाताने करून दाखवावं लागतं, आणि ही तपासणी चुकली तर परीक्षा तिथेच संपते. म्हणून ती सावकाश पाहू. गाडी सपाट जागी, चाकांना लाकडी ठोकळे लावलेले, टाक्या पूर्ण भरलेल्या. इंजिन बंद करायचं, पार्किंग ब्रेक सोडायचा, पेडल घट्ट दाबून धरायचं आणि काट्यावर नजर ठेवून एक मिनिट मोजायचं. सुट्या ट्रकचा दाब ३ पीएसआयपेक्षा जास्त उतरता कामा नये, ट्रेलर जोडलेला असेल तर ४ पेक्षा. ट्रेलरला एक पौंड जास्त का? कारण त्याच्या नळ्या लांब आणि सांधे अधिक. मग चावी फिरवून, इंजिन सुरू न करता, पेडल दाबत-सोडत राहायचं. काटा टप्प्याटप्प्याने उतरतो. आधी दिवा लागतो, भोंगा वाजतो. पेडल मारतच राहायचं. काटा आणखी खाली आला की डॅशबोर्डवरची दोन बटणं, ट्रेलरच्या हवेचं लाल आणि पार्किंगचं पिवळं, खटकन बाहेर उसळतात. स्प्रिंग सुटल्याचा तो पुरावा. शेवटी इंजिन सुरू करून दाब ८५ वरून १०० वर ४५ सेकंदांत चढतो का, ते पाहायचं. त्याला जास्त वेळ लागत असेल, तर गर्दीत वारंवार ब्रेक मारताना हवेचा खर्च जास्त आणि भरती कमी, अशी स्थिती येईल. हा क्रम एकदा मनात बसला की पाचव्या विभागातले निम्मे आकडे पाठ करावे लागतच नाहीत.

आता उतार. एअर ब्रेकच्या पेपरातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, कारण इथे हवा पुरेशी असूनही ब्रेक हात टेकतात. ब्रेक म्हणजे घर्षण आणि घर्षण म्हणजे उष्णता. लांब उतारावर पेडल दाबूनच ठेवलं तर ड्रम तापतो आणि तापलेला ड्रम बाहेरच्या बाजूला फुगतो. शूला त्याच्यापर्यंत पोचायला जास्त सरकावं लागतं, आणि दांड्याची धाव तर ठरलेली. शूच्या अस्तराची पकडही उष्णतेने कमी होते. एखाद्या चाकाचा स्लॅक ॲडजस्टर ढिला असेल तर त्या चाकाचं काम बाकीच्या चाकांवर पडतं, ती आणखी तापतात आणि एकामागून एक निकामी होत जातात.

म्हणून पुस्तक सांगतं : उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका. वेग वाढल्यावर गिअर उतरवायला गेलात तर तो पडणार नाही, गाडी न्यूट्रलमध्ये अडकेल आणि इंजिनाची ओढ पूर्ण जाईल. मग सुरक्षित वेग ठरवा. समजा तो ४० मैल आहे. वेग ४० ला पोचला की सुमारे तीन सेकंद ठामपणे ब्रेक लावून ३५ वर आणा आणि पाय काढा. पुन्हा ४० झाला की पुन्हा तेच. मधल्या वेळात ड्रम निवतो.

याची किंमत काय असते, ते २५ एप्रिल २०१९ रोजी कोलोरॅडोत दिसलं. डेन्व्हरजवळ रॉकी पर्वतातून खाली उतरणाऱ्या आय-७० महामार्गावर लाकूड वाहणाऱ्या ट्रकचे ब्रेक गेले. ट्रक थांबलेल्या वाहनांवर आदळला, आग लागली आणि चार माणसं दगावली. चालक २३ वर्षांचा होता. असे सुटलेले ट्रक वळवण्यासाठी महामार्गालगत चढावाची खास वाट केलेली असते. तशी वाट लागूनही तो तिच्यात शिरला नाही, हा मुद्दा खटल्यात कळीचा ठरला. त्याला ११० वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा देशभर गदारोळ उठला. डिसेंबर २०२१ अखेर राज्यपाल जेरेड पोलिस यांनी ती १० वर्षांवर आणली. शिक्षेविषयी मतं वेगळी असतील. पण उतारावर ब्रेक गेल्यास काय करावं, त्या बचाव वाटेचा उपयोग कसा करावा, हे त्याच पुस्तकात छापलेलं आहे आणि त्यावर प्रश्नही विचारले जातात.

हे विज्ञान आपल्या घाटांनाही तितकंच लागू आहे. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार अवजड वाहनांच्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका ट्रकने चाळीसहून अधिक गाड्यांचं नुकसान केलं. डिझेल वाचावं म्हणून उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची, प्रसंगी इंजिनही बंद करायचं, ही सवय आपल्याकडे खोल रुजली आहे. वर सांगितलेला हवेचा प्रवास आठवा. न्यूट्रलमध्ये इंजिनाची ओढ जाते आणि सगळा भार शूवर येतो. इंजिन बंद केलं की कॉम्प्रेसरही थांबतो आणि खर्च होणारी हवा भरून निघत नाही. वाचलेल्या दोन-चार लिटर डिझेलसाठी चालक गाडी थांबवण्याचे दोन्ही आधार स्वतःच्या हाताने काढून टाकत असतो. हे कारण आपल्याकडच्या प्रत्येक अवजड वाहन चालकाला परवान्याआधी समजावून सांगितलं गेलं पाहिजे, त्याच्या भाषेत आणि प्रत्यक्ष गाडीपाशी.

तयारी करणाऱ्यांसाठी माझी सूचना सोपी आहे. पाचवा विभाग वाचताना वहीत दोन रकाने आखा. डावीकडे आकडा, उजवीकडे तो तसा का आहे याचं एका वाक्यातलं कारण. उजवा रकाना रिकामा राहिला तर तो परिच्छेद पुन्हा वाचा. अमेरिकेत राहणाऱ्यांनी हे इंग्रजीतच करावं, कारण आंतरराज्य वाहतुकीच्या चालकाला पाट्या वाचण्याइतकं आणि अधिकाऱ्याशी बोलण्याइतकं इंग्रजी येणं नियमाने आवश्यक आहे. सराव प्रश्न सगळ्यात शेवटी सोडवा, आणि चुकलेल्या प्रश्नाचं नुसतं बरोबर उत्तर न लिहिता आपलं उत्तर का चुकलं ते लिहा. पेपर पास झाल्यावर शिकाऊ परमिट मिळतं आणि ते किमान १४ दिवस हाती असल्याशिवाय प्रत्यक्ष परीक्षा देता येत नाही. ते दिवस गाडीची तपासणी पुन्हा पुन्हा करण्यात घालवा.

पुढच्या आठवड्यात सहावा विभाग : ट्रेलर जोडलेली गाडी, तिच्या लाल आणि निळ्या नळ्या, आणि वळणावर ट्रेलरची मागची चाकं आतल्या बाजूने का कापत येतात.