लेक म्हणाली, घरी येणार नाही!

मैत्रिणींनो, आपलंच पोर जर म्हणालं, की मला तुझ्या घरी यायचं नाही, तर आपल्या जिवाचं काय होईल?

1972 साली कॅनडातल्या एका आईवर ही वेळ आली. तिचं नाव फिलिस चेल्सी. त्या देशाच्या पश्चिमेला ब्रिटिश कोलंबिया प्रांत आहे. तिथल्या अल्कली लेक या छोट्या गावात शुस्वाप आदिवासींची वस्ती आहे. मुलं आजीकडे होती. फिलिसबाई न्यायला गेल्या, तर सात वर्षांची आयव्ही जागची हलेना. आई-बाबा पितात, म्हणून तिला घरी जायचंच नव्हतं.

तो घाव वर्मी बसला. फिलिसबाईंनी दारू सोडली. पाठोपाठ त्यांचे यजमान अँडी यांनीही सोडली.

तुम्ही म्हणाल, यात एवढं काय मोठंसं? अहो, तेव्हा गावातलं जवळजवळ प्रत्येक मोठं माणूस पीत होतं! अशा गावात न पिणारं जोडपं म्हणजे वाळीत टाकल्यासारखंच.

पण सगळं गावच असं बाटलीच्या आहारी का गेलं? त्याची गोष्ट जुनी आहे. कॅनडा सरकारने आदिवासी मुलांसाठी निवासी शाळा काढल्या. त्या चालवायच्या बहुतेक चर्चच्या संस्था. सुमारे दीड लाख मुलं या शाळांत गेली. कित्येकांना आईच्या कुशीतून ओढून नेलं. तिथे केस कापले जायचे, घरची भाषा बोललं की शिक्षा व्हायची. अनेकांच्या वाट्याला मारहाण आणि अत्याचारही आले. मोठ्यांचंही तेच. 1885 पासून 1951 पर्यंत त्यांच्या कितीतरी विधींवर कायद्याने बंदी होती. फिलिसबाई आणि अँडी दोघंही अशाच शाळेत वाढलेले. आता सांगा, ज्या मुलाला आईने थोपटून निजवलं नाही, त्याने उद्या आपल्या बाळाला कसं थोपटायचं? आजीची भाषाच तोंडातून काढून घेतली, तर आजीचं शहाणपण नातवापर्यंत पोचायचं कसं?

1973 मध्ये अँडी गावचे प्रमुख झाले आणि नवरा-बायकोने कंबर कसली. सरकारी मदतीचे पैसे दारूत जात, म्हणून रोख रकमेऐवजी वाणसामान आणि कपड्यांसाठी चिठ्ठ्या द्यायला सुरुवात केली. चोरून दारू विकणाऱ्यांना पोलिसांच्या हाती दिलं. रोष पत्करला, पण मागे हटले नाहीत. आणि पुढची गोष्ट तर आपल्या बायकांच्या मनाला फारच भिडेल. कुणी उपचाराला बाहेरगावी गेलं, की शेजारीपाजारी त्याची मुलं सांभाळायचे, घराची डागडुजी करून ठेवायचे. बरं होऊन आलेल्या माणसाला नीटनेटकं घर दिसायचं!

तरी एक प्रश्न उरलाच. बाटली गेली, पण रिकाम्या संध्याकाळी करायचं काय? मनातलं दुःख कुणापाशी ओतायचं? मग गावाने आपले विसरलेले विधी जाणत्यांकडून पुन्हा शिकून घेतले. त्यातला मोठा म्हणजे घामाच्या झोपडीचा. लवचिक फांद्यांची बुटकी, घुमटासारखी झोपडी करतात आणि ती चहूबाजूंनी झाकून घेतात. आत तापलेले दगड ठेवून त्यांवर पाणी ओततात. वाफ कोंडते, काळोख असतो. त्या काळोखात लोक प्रार्थना करतात, गातात आणि जे कधी कुणाला सांगितलं नाही ते बोलून मोकळे होतात. शुस्वाप भाषा शाळेत शिकवली जावी, म्हणूनही फिलिसबाई झटल्या.

1985 च्या सुमाराला गावातले शंभरातले पंच्याण्णव लोक दारूमुक्त झाल्याचं सांगितलं जाई. त्याच सुमाराला या लढ्यावर चित्रपट निघाला आणि गावकऱ्यांनी त्यात स्वतःच्याच भूमिका केल्या. 1990 मध्ये फिलिसबाईंना ‘ऑर्डर ऑफ कॅनडा’ हा मोठा सन्मान मिळाला.

सगळं गोडगोड झालं असं मात्र समजू नका. दारू सुटल्यावर तिच्याखाली दडपलेले अत्याचार वर आले. ते बोलायला, पचवायला पुन्हा कित्येक वर्षं लागली. 2008 साली पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी निवासी शाळांबद्दल संसदेत जाहीर माफी मागितली, पण गेलेलं बालपण माफीने परत येतं का?

भाषेबद्दल मात्र एक नोंद ध्यानात ठेवण्याजोगी आहे. 2007 साली याच प्रांतातल्या दीडशेच्या आसपास आदिवासी समाजांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जिथे निम्म्याहून जास्त लोकांना आपली भाषा बोलता येत होती, तिथे तरुणांच्या आत्महत्या फारच कमी, कुठे कुठे तर मुळीच नव्हत्या. आता एकट्या भाषेनेच हे साधलं असं नाही म्हणता येणार. पण जिथे भाषा टिकते, तिथे आजी-आजोबांशी नातं आणि माणसांची ऊठबसही टिकलेली असते, नाही का?

आपल्यातल्या कितीजणी ‘लोक काय म्हणतील’ म्हणून घरातलं दारूचं दुःख पदराआड झाकतात! अल्कली लेकच्या लोकांनी ते झाकलं नाही. डॉक्टरी उपचारही टाळू नका. त्यांनीही टाळले नव्हते. आणि तुमच्या आळीत कुणी उपचाराला गेलं असेल, तर मागे चर्चा करत बसू नका. त्यांच्या मुलांना चार घास खाऊ घाला आणि संध्याकाळी आपल्या मुलांबरोबर गोष्ट ऐकायला बसवा.