जेवढे सुटले तेवढेच मोजले

आख्खी कोंबडी जाड पिशवीत घालायची, वर 400 मिलिलिटर पेप्टोन वॉटर ओतायचं, तोंड आवळायचं आणि मिनिटभर जोरात हलवायचं. अमेरिकेतल्या कत्तलखान्यांच्या तपासणीत रुळलेली ही पद्धत. ऐकायला सोपी, पण थंडगार कोंबडी पिशवीत आपटायला लागली की अर्ध्या मिनिटातच मनगटं भरून येतात. पाणी पोटाच्या पोकळीतूनही फिरायला हवं. शेवटी ते गुलाबीसर, गढूळ होतं, चरबीचे ठिपके वर येतात. इथून पुढे तपासायचं ते हे पाणी.

म्हणजे सुटून आले तेवढेच जंतू हिशेबात. पिसं उपटल्यावर कातडीत राहिलेल्या खळग्यांत दडलेले या हलवण्याला दाद देत नाहीत. तीच कोंबडी पुन्हा धुतली की पुन्हा निघतात. युरोपात म्हणून मानेची कातडी कापून घेतात. आपल्याकडे दुकानदार कातडी सोलूनच देतो, त्यामुळे 25 ग्रॅम मांस, 225 मिलिलिटर द्रावण आणि ते कुटणाऱ्या स्टमकर यंत्राचे धपाधप फटके. एक आकडा मिलिलिटरमागे, दुसरा ग्रॅममागे. तरी अहवालात आकडा ठळक आणि पद्धत बारीक अक्षरात, हे मला कधीच पटलं नाही.

मग दहा-दहापट पातळ करत जायचं, दर वेळी पिपेट नवी. प्लेटमध्ये त्यावर ओतायचं अगर फार गरम तर जंतू मरतात, गार तर गुठळ्या. मग 30 अंशांवर 72 तास, जंतू वाढून ठिपके दिसेपर्यंत. मोजायला घ्यायची ती साधारण 30 ते 300 ठिपक्यांची प्लेट. त्यापलीकडे आम्ही सरळ ‘टीएनटीसी’ लिहितो, म्हणजे मोजण्यापलीकडे. ठिपका एका जंतूचा की चिकटून बसलेल्या चौघांचा, ते प्लेट सांगत नाही.

साल्मोनेलाच्या बाबतीत सहसा आहे की नाही एवढंच विचारलं जातं. थंडीने गारठलेल्या पेशींना आधी साध्या पेप्टोनमध्ये 18 तास सावरू द्यावं लागतं, मग 41.5 अंशांवर निवडक द्रावणात, मग लाल एक्सएलडी प्लेटवर. काळ्या मध्याची कॉलनी दिसली म्हणून लगेच फोन फिरवायचा नाही. प्रोटियसही कधी कधी तसाच काळा पडतो. जैवरासायनिक चाचण्या, अँटिसीरम, आणखी एक-दोन दिवस. ताज्या कोंबडीची ती खेप बहुधा तोवर शिजून खाऊनही झालेली असते.