वासराची घाई

होटगीच्या वीरशैव बृहन्मठाचे भक्त इष्टलिंग, म्हणजे शिवाचे छोटे प्रतीक, गळ्यात बाळगतात. देव कायम जवळ. सीनाय पर्वताच्या पायथ्याशी थांबलेल्या इस्राएल लोकांची अडचण नेमकी उलटी होती. देव दिसत नव्हता, आणि त्याच्या वतीने बोलणारा मोशे ४० दिवस डोंगरावरच होता. बायबलमधल्या निर्गमच्या ३२व्या अध्यायात लोक मोशेच्या भावाला, अहरोनाला गाठतात: आमच्यापुढे चालेल असा देव घडव. तो बायकामुलांच्या कानांतली सोन्याची कुंडले मागवतो, वासरू ओततो आणि दुसऱ्या दिवसासाठी परमेश्वराचाच सण जाहीर करतो! मला हा तपशील सगळ्यांत बोलका वाटतो. देव बदलायची हौस कमीच असावी. वाट पाहणे मात्र असह्य झाले होते. मोशे उतरला, त्याने देवाच्या आज्ञांच्या पाट्या फोडल्या, वासरू जाळून त्याची पूड केली आणि ती पाण्यात टाकून लोकांना पाजली. पुढे इस्राएलच्या यराबाम राजाने बेथेल आणि दान इथे पुन्हा सोन्याची वासरे बसवली, पण तो सरळ राजकारणाचा मामला: प्रजेने यरुशलेमच्या मंदिराकडे वळू नये.

त्याच इस्राएल लोकांचा वारसा सांगणारे आपल्या कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, शनिवारी तेलाचे घाणे बंद ठेवत, म्हणून ‘शनवार तेली’. शेमा ही एकाच देवाची प्रार्थना त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ ठेवली, आणि १८८०च्या सुमारास मुंबईत बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनेही सुरू केली.