बुजऱ्या पक्ष्यापुढे बसण्याची विद्या

टर्की म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो पोल्ट्रीतला गलेलठ्ठ, सुस्त पक्षी. मूळचा तो अमेरिका खंडातला. मुघल दरबारात तो पोचला गोव्यामार्गे. १६१२ साली मुकर्रबखान या सरदाराने गोव्याहून जे नवलाईचे पशुपक्षी आणले, त्यांत एक टर्की होता. जहांगीर बादशहाने त्याचं वर्णन लिहून ठेवलं आणि उस्ताद मन्सूरकडून चित्र काढवून घेतलं. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. याच्या डोक्यामानेचा रंग घडीत लाल, घडीत पांढरा, घडीत निळसर होतो, हे बादशहाच्या नजरेतून सुटलं नव्हतं. हे तीन रंग लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम आहे.

माझे मामा पेनसिल्व्हेनियात राहतात. त्यांचे शेजारी दर वसंतात रानटर्कीच्या शिकारीला जातात. मी शिकारी नाही, व्हायची इच्छाही नाही. पण "एवढ्या मोठ्या पक्ष्याला मारायला कसली आलीय विद्या?" असं मामांना सहज विचारलं आणि विषय वाढत गेला. जे ऐकलं, मग वाचलं, ते इथे मांडतोय.

पहिली गोष्ट, रानटर्कीचे डोळे. ते डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे मान न हलवता त्याला सुमारे २७० अंशांतलं दिसतं. मान जरा वळवली की मागचंही. त्याला रंग कळतात, आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाशही जाणवतो. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत जी चमक आणणारी रसायनं असतात, ती म्हणूनच शिकारी टाळतात. कान बाहेरून दिसत नाहीत, पण ऐकू तिखट येतं. वास मात्र त्याला फारसा कळत नाही. हरणाच्या शिकारीत वाऱ्याची दिशा बघावी लागते, इथे स्वतःच्या हालचालीकडे बघावं लागतं.

म्हणून टर्कीच्या मागे जायचं नाही, त्याला आपल्याकडे येऊ द्यायचं. टर्की रात्री झाडावर झोपतो आणि फटफटताना खाली उतरतो. शिकारी आदल्या संध्याकाळी झाड हेरून ठेवतो. पहाटे अंधारातच येऊन त्या झाडापासून शंभरेक मीटर लांब बसतो. त्याहून जवळ गेलं तर वाळल्या पानांचा आवाजच घात करतो. पाठीशी खांद्यांपेक्षा रुंद बुंधा हवा, म्हणजे माणसाचा आकार त्यात मिसळून जातो. चेहरा आणि हात झाकलेले. बंदूक आधीच गुडघ्यावर टेकवलेली, कारण पक्षी समोर आल्यावर ती उचलायला गेलं की संपलंच. हलायचंच असेल तर त्याचं डोकं झाडाच्या बुंध्याआड गेल्यावर.

दुसरी गोष्ट, आवाज. लाकडी पेटी घासून किंवा तोंडात पातळ पडदा धरून मादीचा आवाज काढतात. गंमत अशी, की निसर्गात नर ओरडतो आणि मादी त्याच्याकडे जाते. शिकारी हे उलटं घडवू बघतो. सारखं बोलावत राहिलं तर नर जागीच थांबून मादीची वाट बघत बसतो. दोनतीनदा हळू बोलवावं, मग गप्प राहावं. कधी नुसती पानं खरवडावीत, मादी दाणे टिपतेय असं वाटावं म्हणून. 'पट्' असा तुटक आवाज आला की समजावं, त्याला संशय आलाय.

आता ते तीन रंग. रानात लाल, पांढरं किंवा निळं काहीही अंगावर नसावं, अगदी हातरुमाल किंवा मोजेसुद्धा. वसंतातल्या नराचं डोकं याच रंगांचं असतं, आणि झुडपाआडून मादीचा आवाज काढणारा माणूस दुसऱ्या शिकाऱ्याला टर्की वाटू शकतो. असे अपघात झालेले आहेत, माणसं दगावली आहेत. पेनसिल्व्हेनियात वसंतात आवाजाच्या रोखाने दबकत जाणं कायद्याने बंद आहे ते याचसाठी. दुसरा शिकारी येताना दिसला तर हात हलवायचा नाही, बसल्या जागेवरून मोठ्याने बोलायचं. त्या दिवशीचा टर्की उडाला तर उडाला.

मला सगळ्यांत विचार करायला लावलं ते इतिहासाने. बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा पक्षी अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांतून नाहीसा झाला होता. १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखला गेला. आधी पाळीव वातावरणात वाढवलेले टर्की रानात सोडून पाहिले, ते टिकले नाहीत. त्यांना भीतीच ठाऊक नव्हती. मग १९५० च्या दशकापासून तोफेने जाळं उडवून रानातलेच पक्षी धरले आणि दुसऱ्या जंगलांत सोडले, ते मात्र वाढले. म्हणजे शिकाऱ्याला ज्याचा वैताग येतो, त्या बुजरेपणानेच ही जात वाचवली.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा प्रश्नच येत नाही. पण मोर आणि रानकोंबडा टर्कीच्याच कुळातले आहेत. आपल्या सह्याद्रीच्या रानात पहाटे रानकोंबडा बघायचा असेल तर बंदूक सोडून बाकी सगळी विद्या तीच. झाडाला टेकून बसा, मोबाईल खिशात ठेवा आणि त्याच्या मागे धावू नका. त्याला वाटलं तर तो येईल. नाही आला, तरी आपल्यामुळे तो पळाला नाही, हेही काही थोडं नाही.